कप्तान ‘बसा’ म्हणत होता

दादाला वडील आठवतात आणि मला आठवत नाहीत, हा माझा त्याच्यावरचा सगळ्यांत जुना राग. मुंबईहून कोकणात जाणारी ती आगबोट बुडाली तेव्हा दादा सात वर्षांचा होता आणि वडिलांबरोबर बोटीवर होता. मी गावाकडे, आईच्या पोटात. वडील गेले. फळीला धरून राहिलेल्या दादाला मच्छीमारांनी मचव्यात ओढून घेतलं. पुढे आई आम्हा दोघांना घेऊन पुण्याला आली, चार घरी स्वयंपाकाची कामं धरली, आणि आम्ही इथलेच झालो.

घरी कोणीही आलं की पहिला प्रश्न ठरलेला. ‘हाच का तो वाचलेला?’ मग दादाच्या हातावर खाऊ, पाठीवरून हात. मला स्कॉलरशिप मिळाली म्हणून पेढे वाटले, तर पेढा तोंडात टाकून पाहुणे दादाला विचारत होते, ‘पाण्यात भीती वाटली का रे?’ मी मनात म्हणायचो, मीही जन्मलेलो असतो तर मीही बुडालो असतो. म्हातारपणीही हे विसरता आलं नाही.

बोटीची चौकशी झाली होती आणि दोष कप्तानावर ठेवला गेला होता. कप्तान स्वतः बुडालेला. त्याच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे बाकी सगळ्यांची सोय झाली. आमच्या घरातही ‘कप्तानाने बोट घालवली’ असंच म्हणत. दादा त्यावर गप्प असायचा.

गेल्या वर्षी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने सदाशिव पेठेतल्या सभागृहात बोटीच्या आठवणींवर दादाचं भाषण ठेवलं. कुठेतरी वाचून कप्तानाची मुलगी कात्रजहून रिक्षा करून आली. साधारण माझ्याच वयाची, काठी टेकत चालणारी. भाषणाआधी ती माझ्यासमोरच दादाला म्हणाली, “माझ्या वडिलांची चूक होती की नव्हती, एवढं सांगा. होती म्हणालात तरी चालेल. आजवर ज्यांनी ज्यांनी मला ऐकवलं, त्यातला एकही बोटीवर नव्हता.”

दादा बोलायला उभा राहिला आणि तिच्याकडे बघूनच बोलला. वारं सुटलं होतं, लाटा एकाच बाजूने आत येत होत्या. वडिलांजवळ आईच्या बाळंतपणासाठी घेतलेलं सामान होतं: डिंक, खारका, आळीव. डिंक भिजला तर त्याचा नुसता चिकट गोळा होतो. म्हणून वडील पिशवी पोटाशी धरून उठले आणि दादाला ओढत कोरड्या बाजूला निघाले. त्यांना बघून शेजारचे उठले, मग सगळेच. बोट त्या बाजूला कलली.

“कप्तान वरून ओरडत होता,” दादा म्हणाला, “‘बसा, जागा सोडू नका, बसा.’ कोणी ऐकलं नाही. पहिले उठले ते आमचे वडील.”

सभागृहातले लोक पुढे वाकून ऐकत होते. माझ्या मात्र डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. आमच्या घरी डिंकाचे लाडू कधीच झाले नाहीत. माझ्या बायकोच्या बाळंतपणात तिच्या माहेरून डबा आला, तो आईने न उघडताच शेजारी देऊन टाकला. ‘का?’ म्हटलं तर ‘नको या घरात,’ एवढंच. म्हणजे दादाने आईला सांगितलं होतं. आता तो एका परक्या बाईला सांगत होता. ज्याच्यासाठी ती पिशवी चालली होती त्याला मात्र जन्मभरात सांगावंसं वाटलं नाही.

दादा खरं बोलतोय हे मला कळलं होतं. तरी मी उठलो.

“अहो वक्ते,” मी म्हणालो, “सात वर्षांच्या पोराला काल काय जेवलो ते सांगता येत नाही. आपल्याला कप्तानाचं भाषण पाठ आहे?”

लोक हसले. पुण्यात असं वाक्य वाया जात नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं. “असेल. लहान होतो,” म्हणाला आणि खाली बसला. ती बाई काठी शोधत होती. नंतर सगळ्यांना वाटलं, मी वडिलांची बाजू घेतली. दोघेतिघे पाठ थोपटून गेले. मी वडिलांसाठी उठलो नव्हतो. दादाचं ऐकत बसलेलं ते सभागृह मला बघवलं नाही.

वर्षभराने मी कात्रजला तिच्या घरी गेलो आणि हे सगळं सांगितलं.

“मला कशाला सांगताय?” ती म्हणाली. “मी त्यांच्यावर तेव्हाच विश्वास ठेवला होता. हसले ते दुसरेच. त्यांना सांगा.”

“संघाच्या वार्षिकात लिहितो.”

“लिहा. आणि चहा घेणार असाल तर बिनसाखरेचा आहे.”

म्हणून हे लिहिलं. कप्तान ‘बसा’ म्हणत होता. पहिले उठले ते आमचे वडील. दादाच्या आठवणीत काही खोट नव्हती, ती माझ्यात होती.

छापायला देण्याआधी दादाला वाचून दाखवलं. त्याने मान हलवली. मग इतकी वर्षं अडलेलं मी विचारून टाकलं, “वडिलांचा आवाज कसा होता रे?”

“आठवत नाही.”

“काहीच?”

“हात आठवतो, ओढणारा. आवाज फक्त कप्तानाचा राहिलाय. तुला काय वाटत होतं, माझ्याकडे काय आहे?”

मी कात्रजला फोन लावला आणि मजकूर तयार आहे म्हणून सांगितलं. दादा काय म्हणाला तेही सांगितलं.

“मी पाळण्यात होते तेव्हा,” ती म्हणाली. “त्यांना विचारा ना, कसा होता आवाज?”

मी फोन दादाच्या हातात दिला. तो सांगत होता, भारदस्त होता, थोडा घोगरा, शेवटी शेवटी चिरकत होता. ती मधूनमधून काहीतरी विचारत असावी, कारण दादा थांबून आठवायचा आणि पुन्हा बोलायचा. मी समोर बसून ऐकत होतो आणि मला तिचा हेवा वाटत होता.