दुसरी गाडी

आमच्या सूर्यमाळकडच्या पाड्यावर रेल्वे नाही. आईनं तर ती कधी पाहिलीही नव्हती. लावणी आटपली की दादा आणि मी कसारा घाटात ठेकेदाराच्या कामावर जायचो. मी रुळांमधली खडी ओढायचे. दादा लाल बावटा आणि शिट्टी घेऊन पुढे उभा राहायचा. त्याची शिट्टी वाजली की आम्ही बाजूला व्हायचं.

त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. दुपारी कड्यावरून धोंडा सुटला आणि वळणापाशी रुळावर येऊन पडला. बैलाएवढा. गड्यांनी पहारी लावल्या, हलेना. मुकादम फोनवर स्टेशनला ओरडून सांगत होता, पण गाडी निघालेली होती.

"तुम्ही सगळे हटा," दादा म्हणाला आणि बावटा उंच धरून गाडीच्या दिशेनं पळत सुटला.

धुक्यात आधी तो दिसेनासा झाला, मग बावटा. शिट्टी तेवढी ऐकू येत होती. मग ब्रेक लागले. लोखंडावर लोखंड खरवडल्याचा आवाज दातांत शिरला. त्याच वेळी आमच्या पाठीमागून, शेजारच्या रुळावरून, दुसरी गाडी घाट उतरत धडधडत गेली. तिचा वारा माझ्या पदराला लागला.

पहिली गाडी धोंड्याच्या अलीकडे थांबली. बायकांनी हात जोडले. मी हसले. अजून आठवतं, मी हसले होते.

शिट्टी पुन्हा वाजली नाही. मी थांबलेल्या गाडीच्या कडेनं पळत निघाले. खिडकीतून एकानं विचारलं, "कितना टाइम लगेगा?" मी पळतच राहिले. पुढे इंजिनवाला खाली उतरून उभा होता. डोक्यावरची टोपी त्यानं हातात घेतली होती.

गाडी जवळ आल्यावर दादा शेजारच्या रुळावर सरकला होता. उतरणाऱ्या गाडीकडे त्याची पाठ होती.

घरी आईनं आधी विचारलं, "गाडी थांबली ना?"

"थांबली, आये."

"मंग माझा पोर कसा मेला?"

"दुसरी गाडी आली."

"एक थांबली, तर दुसरी कुठून आली?"

मी सारवलेल्या जमिनीवर कोळशानं रूळ काढून दाखवले. ती बघायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायची. नाचणी दळताना, पाण्याला जाताना. कधी झोपेतही. शेवटी मी तिला जीपमधून कसाऱ्याला नेलं.

आम्ही फलाटाच्या टोकाला उभ्या राहिलो. एक गाडी आली, थांबता थांबता किंचाळली. तेवढ्यात पलीकडून दुसरी गेली. मी आईचा दंड घट्ट धरला होता. ती मला काहीतरी म्हणाली, ओठ हलले, मला ऐकू आलं नाही. गाड्या गेल्यावर ती खाली बसली.

"आये, काय म्हणालीस?"

"हाक मारली तुला."

रुळांकडे बघत ती म्हणाली, "त्याला ऐकूच आली नसल ती दुसरी गाडी."

त्यानंतर तिनं विचारणं सोडलं. मीही त्या कामावर पुन्हा गेले नाही. माळावरून वारा घोंघावत आला की मात्र आमचे दोघींचे हात थांबतात. ती एका बाजूला बघते, मी दुसऱ्या.