गच्चीवरचे आण्णा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आण्णांचे आहेत. निमगाव साव्याहून पत्र्याची पेटी घेऊन मी वसतिगृहाच्या दारात पोचलो, तेव्हा खाट शिल्लक नव्हती. भरदुपारी व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. व्यवस्थापक आण्णांनी स्वतःच्या कचेरीतलं टेबल भिंतीला सरकवलं. मोकळ्या झालेल्या जागेकडे बोट करून म्हणाले, "हितं झोप. शिक." घरातला पहिला पदवीधर मी असा झालो. पुढे त्याच इमारतीच्या विजेची, पाण्याची देखभालही त्यांनीच मला दिली. हे आधी सांगतो, कारण पुढे चांगलं सांगण्यासारखं फारसं नाही.

आण्णांचं ब्रीद एकच. "बचत दिसाया पायजे, राव!"

दर्शनी भिंतीवर त्यांनी कमी विजेचे दिवे लावले आणि ते दिवसा चालू ठेवले, कारण पाहुणे दिवसा येतात. अभ्यासिकेत जुन्याच ट्यूबलाइट फडफडत राहिल्या. कचेरीत एसी अठरावर ठेवून आण्णा स्वेटर घालून बसत. दारावर पाटी, 'वीज वाचवा'. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मूर्ख असते तर परवडले असते. पण त्यांना सगळं कळत होतं. बघणारा नसेल, तर काम करण्याचं कारणच त्यांना सापडत नसे.

संस्थेने आमच्या इमारतीला 'पर्यावरणपूरक' म्हणून गौरवलं. लगेच गच्चीच्या रस्त्याकडच्या कठड्यावर फ्लेक्स चढला. हातात रोप, डोळ्यांवर गॉगल, आडवेतिडवे आण्णा. हिवाळ्यात त्याची लांब सावली नेमकी सौर बंबावर पडू लागली. नळाला बर्फासारखं पाणी.

"आण्णा, फ्लेक्स काढू. बंबाला ऊन त्याच बाजूनं येतं."

"आन् रस्ता बी त्याच बाजूला हाय!"

डोंगरातल्या तळेघरकडची मुलं म्हणायची, "आमच्या घरी चुलीवर तरी पाणी तापतं, भाऊ. हितं बचतीनं गारठलो." मग ती बादलीत चोरून विजेचा रॉड टाकू लागली. एका सकाळी त्यांतल्या एकाला झटका बसला. न्हाणीघराच्या फरशीवर तो पडला होता, ओठ निळे. सुदैवाने वाचला.

आण्णा दवाखान्यात गेले नाहीत. सगळ्या खोल्यांतले रॉड गोळा करून टेबलावर मांडले आणि मला म्हणाले, "जप्तीचा फोटो काढ. मी मधी दिसलो पायजे."

मी फोटो काढला नाही. पान्हा घेऊन गच्चीवर गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी हे पत्र पाठवलं:

'आण्णांना नमस्कार.

फ्लेक्स मी उतरवला. आज पाणी तापलं, मुलं रांग लावून आंघोळ करत आहेत. माझी नोकरी राहणार नाही हे जाणून किल्ल्या टेबलावर ठेवल्या आहेत.

मला जागा दिलीत, तेव्हा तुम्हाला बघायला कुणी नव्हतं. त्याचा फोटो कुठेच नाही. मी आयुष्यभर त्याच आण्णांची आठवण काढीन.

दुसऱ्या आण्णांना गुंडाळून, मी झोपायचो त्या जागी ठेवलं आहे.'