दरवाजा धरणारा सैनिक

चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनखाली माझ्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली, त्यानंतर दीड वर्षानं मी तलवार शिकायला गेलो.

अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली होती. कंपनीनं मला मशीनवरून काढून स्टोअरला बसवलं. पेट्यांवर चिठ्ठ्या लावायच्या आणि त्या फळीवर रचायच्या, एवढंच काम. घरी आलो की हात खिशात घालून खिडकीपाशी बसायचो. एक दिवस बायको म्हणाली, "अहो, असं बसून राहू नका. कुठंतरी जाऊन येत जा."

स्टोअरमधला एकजण थेरगावच्या एका ग्रुपमध्ये जायचा. मराठेशाहीतल्या लढाया ते लोकांसमोर जशाच्या तशा उभ्या करायचे, कपडे आणि हत्यारंही तेव्हाचीच वापरायचे. सराव रविवारी सकाळी एका मैदानावर असे. आमची सुट्टी गुरुवारी, पण रविवारी सेकंड शिफ्ट असली की मला जमायचं. ग्रुपमध्ये वाकडचे आयटीवाले होते, दोन शिक्षक होते, आमच्यासारखे कंपनीवाले होते. शिकवणारे वस्ताद तिथल्याच जुन्या शेतकरी घरातले, साठीचे.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "हात दाव."

मी खिशातून काढला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला. कीव केली नाही. "डाव्या हातानं शिकशील?"

"शिकेन."

"मंग ये. उशीर मातुर करायचा न्हाई."

चार महिने मी डाव्या हातानं बिनधारेची तलवार फिरवली. पागोटं बांधायला शिकलो. अंगरख्याचे बंद दोन बोटांनी बांधताना सुरुवातीला अर्धा तास जायचा. त्या वर्षात मला बरं वाटलं ते एवढंच.

मग वाकडच्या एका मोठ्या सोसायटीत कार्यक्रम ठरला. प्रसंग किल्ल्याच्या वेढ्याचा. आमच्यातला एक आयटीवाला जुने कागद वाचून प्रसंग लिहायचा. तो जरा चाचरतच माझ्याकडे आला. "दादा, राग मानू नका. एक सैनिक दरवाजाचा अडसर धरून उभा आहे. बाहेरून कुऱ्हाड पडते, बोटं तुटतात, तरी तो अडसर सोडत नाही. तुम्ही केलंत तर..."

"असा कोणी खरंच होता?"

"कागदात नाही. पण असेलच की कुणीतरी."

मी हो म्हणालो. तेही लगेच, हे कबूल केलं पाहिजे. माझी बोटं गेली तेव्हा, हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद करून ठेवलेला होता. माल वेळेत जायचा होता, म्हणून सगळ्यांनीच ते चालवून घेतलं होतं. मीसुद्धा. इथं निदान ती बोटं किल्ल्यासाठी जाणार होती.

लाल खाण्याचा रंग आणि साखरेचा पाक मिसळून रक्त केलं. त्याची पिशवी शेल्याखाली बांधली. कुऱ्हाड फळीवर आपटली, मी पिशवी दाबली आणि हात वर केला. माइकवरून आवाज आला, "बोटं गेली, पण दरवाजा उघडला नाही!" मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. लोक उभे राहिले. मी हात तसाच वर धरून ठेवला, ठरलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळ.

पहिल्या रांगेत बायको आणि नऊ वर्षांची मुलगी बसल्या होत्या. मुलगी टाळ्या वाजवत नव्हती.

अपघात झाला तेव्हा तिला दोन महिने लातूरला मावशीकडे ठेवलं होतं. पप्पांना थोडं लागलंय, एवढंच सांगितलं होतं. ती परत आली तोवर जखम भरली होती. रक्त तिनं पाहिलंच नव्हतं.

घरी जाताना डांगे चौकाच्या सिग्नलला मागून तिनं विचारलं, "पप्पा, कंपनीत पण एवढंच रक्त आलं होतं?"

नाही म्हणता आलं असतं. पण टाळ्या अजून कानात होत्या. मी म्हणालो, "याच्यापेक्षा जास्त."

बायकोनं माझ्या पाठीला चिमटा काढला. मुलीनं विचारलं, "मग तिथं तू काय धरून ठेवलं होतंस?"

"काही नाही. कारच्या सीटखाली लागतो तो पत्र्याचा तुकडा."

"सोडला का नाहीस?"

सिग्नल सुटला. मी गाडी काढली.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याकडून वेणी घालून घेईना. दोन बोटांनी मी ती शिकलो होतो, वाकडीतिकडी यायची, पण तिला चालायची. आता हात डोक्याजवळ गेला की ती अंग चोरायची. वस्तादांना मी मुलीचं सांगितलं आणि म्हणालो, मी ढाल घेऊन मागं उभा राहतो.

"ढाल धराया कुनीबी हाय," ते म्हणाले. "तुज्या हातानं प्रसंग उभा ऱ्हातो. पोरगी लहान हाय, इसरंल."

मला तेच ऐकायचं होतं. घरी न सांगता मी आणखी एकदा तो सैनिक केला. पुन्हा तशाच टाळ्या पडल्या. कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरत फिरत बायकोच्या फोनवर आला आणि फोन तेव्हा मुलीच्या हातात होता. मी घरी आलो तर ती पलंगामागं भिंतीला चिकटून बसली होती. बायको एवढंच म्हणाली, "तिनं चार वेळा पाहिलाय."

त्याच आठवड्यात मी अंगरखा आणि तलवार परत केली. वस्तादांनी कारण विचारलं नाही. पुढे त्यांनी तो प्रसंगच काढून टाकला असं स्टोअरमधल्या माणसाकडून कळलं.

मुलगी आता सहावीत आहे. रोज माझ्या जेवणाच्या सुट्टीत ती आईच्या फोनवरून मला फोन करते. मी स्टोअरला आहे, मशीन माझ्यापासून दोन शेड लांब आहे, हे तिला शंभरदा सांगून झालंय. तरी ती विचारते, "पप्पा, मशीनपाशी गेला नाहीस ना?" मी नाही म्हणतो. तिचा त्यावर विश्वास बसत नाही, हे तिच्या आवाजावरून मला कळतं.