येऊद्या भावजींची बोट

ताईचं लग्न ठरत होतं तेव्हा मी घरी येऊन जाहीर केलं होतं, "मुलगा वेडा आहे!" आता आठवलं की पोट धरून हसते. पण मी तरी काय करू? त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते धक्क्यावर. हा लांबुडका माणूस दोन्ही हात हवेत हलवत उलटा चालतोय आणि एकटाच ओरडतोय, "येऊ द्या, येऊ द्या... बास!" म्हटलं, याला भूतबित दिसतंय की काय! मग गोदामाच्या भिंतीआडून ट्रकचं ढुंगण निघालं, तेव्हा उजेड पडला.

तेव्हापासून ते येऊद्या भावजी. त्या नावाला ते ओही देतात.

भावजींच्या शेठनी कंपनी काढली ती एका जुन्या बोटीवर. ट्रकने मालासकट आत चढायचं आणि खाडीपलीकडे तसंच उतरून चालू पडायचं. हमाली नाही, काही नाही. फक्त बोटीला दार एकच, म्हणून ट्रक उलटा आत घालावा लागे. ते काम भावजींचं. पुढे दोन दारांची नवी बोट आली. ट्रक सरळ आत, सरळ बाहेर. भावजी फुगून बसले. ताई म्हणाली, "सवत आली हो यांच्या बोटीला!"

शेठ गेले, त्यांच्या मुलीने कंपनी वाढवली. आणि मग पाण्यात पुलाचे खांब उभे राहायला लागले. शेजाऱ्याला आपल्या खिडकीसमोर भिंत बांधताना बघावं ना, तसं भावजी कठड्याला टेकून ते बघत बसायचे. त्यांचं मागणं एवढंच, एक तरी बोट चालू राहू दे. तेच सांगायला शेठच्या मुलीकडे गेले.

"काका, पूल मी कशी थांबवू? आणि रिकामी बोट कशी हाकू?" एवढं बोलून तिलाच रडू फुटलं. आता भांडायचं तरी कुणाशी? चहा पिऊन परत आले.

पूल सुरू झाला, बोटी बंद पडल्या. जुनी बोट भंगारात ओढून नेली तेव्हा भावजी धक्क्यावर उभे होते. हात नुसते लोंबत होते. मी थट्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी! यावरून काय ते समजा.

आता नोकरी कुठे, तर त्याच पुलाच्या टोलनाक्यावर. दांडा वर, दांडा खाली. दुसरं काही मिळालंच नाही.

परवा डबा द्यायला गेले आणि जीभ वळवळली. "भावजी, खरं सांगू? तुमच्याशिवाय कुणालाही बोटीची आठवण येत नाही."

"ट्रकवाल्यांना येते."

"काहीतरीच! पुलाने त्यांचा केवढा वेळ वाचतो."

तेवढ्यात एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरचे डोळे लालभडक. "मामा, पुढे घटकाभर गाडी लावायला जागा आहे का हो? डुलक्या येतायत. बोटीत कशी मस्त झोप व्हायची! या पुलाने तीसुद्धा खाल्ली."

भावजींनी दांडा उचललाच नाही. माझ्याकडे वळले. "ऐकलंस?"

"एकच तर आहे!"

"तू 'कुणालाही नाही' म्हणालीस."

"अहो, मागे रांग लागलीय!"

"लागू दे. म्हणालीस की नाही?"

हॉर्नवर हॉर्न वाजायला लागले. ड्रायव्हर बिचारा आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघतोय.

"बरं बाबा, येते! ट्रकवाल्यांना येते आठवण!"

मग दांडा वर गेला.