प्रोफेशनल भाच्याची सोयरीक

माझा भाचा बालाजी प्रोफेशनल फोटोग्राफर आहे. हे मी म्हणत नाही, तो म्हणतो. सेनगावात त्याच्या दुकानाच्या पाटीवर तसं लिहिलंय, मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर लिहिलंय, टी-शर्टच्या पाठीवर लिहिलंय. इन्स्टाग्रामवर त्याचं 'बालाजी मोमेंट्स ऑफिशियल' नावाचं पेज आहे, तिथं तर प्रत्येक फोटोखाली लिहिलंय. एवढ्या ठिकाणी लिहून ठेवल्यावर लोकांचं सोडा, खुद्द लिहिणाऱ्यालाही ते खरं वाटायला लागतं.

मी सुदाम, त्याचा सख्खा मामा. उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. फोटोशी माझा संबंध एवढाच, की पासावरचा फोटो आणि समोर उभा असलेला माणूस एकच आहे का ते बघायचं. जुळलं तर बसू द्यायचं, नाही जुळलं तर पुढच्या थांब्यावर उतरवायचं. त्यामुळं फोटो म्हणजे ज्यावरून माणूस ओळखू येतो ती वस्तू, अशी माझी अडाणी समजूत होती. बालाजीनं ती मोडून काढायला फार मेहनत घेतली.

प्रोफेशनल व्हायला काय काय लागतं, हे मी त्याच्या दुकानात बसून बघितलंय. पहिलं म्हणजे खूप खिशांचं जाकीट लागतं. खिशांत काही नसलं तरी चालतं. मग हिंदी लागते. नवरी सेनगावची, नवरदेव औंढ्याचा, दोघंही घरी 'काहून' आणि 'न्हाई' बोलणारे, आणि हा त्यांना सांगतो, "भैया, थोडा नजदीक. भाभी, स्माइल दो, लेकिन कॅमेरे की तरफ मत देखो." कॅमेऱ्याकडं न बघता काढलेल्या फोटोला जास्त भाव असतो म्हणे. बिचारी नवरी मग विजेच्या खांबाकडं बघून लाजते.

तिसरी वस्तू म्हणजे गाऊन. बालाजीकडं एक लाल गाऊन आहे, मागं चांगली दोन खाटांएवढी शेपटी असलेला. लग्नाआधीच्या फोटोंसाठी तालुक्यातली प्रत्येक नवरी तोच गाऊन घालते आणि सोयाबीनच्या शेतातून पळते. मग तिची आई आणि मावशी बांधावर बसून त्या शेपटीतले गोखरू वेचतात. पेजवर शेपटी दिसते, मावशी दिसत नाही.

पण या सगळ्यांहून मोठी वस्तू म्हणजे स्किन. फोटो काढला की बालाजी तो संगणकावर घेतो आणि त्यावर 'स्किन टाकतो'. स्किन टाकली की माणूस गोरा होतो, गुळगुळीत होतो, त्याचे फोड, वांग, तीळ, सुरकुत्या, सगळं धुऊन निघतं. आमच्याकडं कापूस वेचून, उन्हात तापून माणसांचे जे रंग झालेत ते त्या पेजवर औषधालाही सापडायचे नाहीत. सगळी जनता पिठाच्या गिरणीतून नुकतीच बाहेर आल्यासारखी. एकदा एका नवरीचा फोटो बघून मी म्हटलं, "पोरगी चांगली हाय, कोणाची रे?" बालाजी म्हणाला, "मामा, ही तुमची पुतणी हाय." मला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

मी त्याला बोललो, "अरे, मी असल्या फोटोवर कोणाला यष्टीत चढू दिलं नसतं."

"मामा, लोकायलाच असं पायजे," तो म्हणाला. "अन् पेजवर लाइक बी ह्यालाच येतेत. तुमचं पासाचं काम येगळं, माझं प्रोफेशनल काम येगळं."

आता असा हा प्रोफेशनल माणूस तिशी ओलांडून बसला होता आणि त्याचं लग्न जमत नव्हतं. सगळ्या तालुक्याच्या वराती त्यानं ड्रोननं वरून बघितल्या, स्वतःची एक निघाली नाही. मुलीचे बाप विचारायचे, पोरगा काय करतो? आम्ही सांगायचो. मग ते विचारायचे, ते झालं, पण करतो काय? माझी बहीण मनकर्णा याच काळजीनं अर्धी झाली होती. "दादा, गावाच्या लेकरायला हळद लागून राहिली, माझ्याच लेकराला काहून न्हाई?" असं ती मला दर बाजाराच्या दिवशी विचारायची. तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून मला माझ्या वटवटीची लाज वाटायची.

आणि एक दिवस बालाजीनं स्वतःच मुलीचं नाव सांगितलं. साखऱ्याच्या व्यंकटरावांची प्रियंका. तिच्या चुलत बहिणीच्या, पुनमच्या लग्नाचे फोटो यानंच काढले होते. तिथं ही पंगतीत वाढत होती, आणि कोणीतरी काहीतरी बोललं म्हणून हातातली बादली खाली ठेवून पोटभर हसली होती. मुलगी बीएस्सी झालेली, हिंगोलीला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायला रोज बसनं जाणारी. बालाजी मला दुकानाच्या मागं घेऊन गेला आणि त्या दिवशी हिंदी न बोलता म्हणाला, "मामा, करीन तर हिच्याशीच. तुमी शब्द टाका." मला पोराची फार माया आली.

मी शब्द टाकला. व्यंकटराव आधी कुरकुरले, पण प्रियंकाच म्हणाली म्हणे, की येऊ तर द्या, मला काही विचारायचंय. बायोडाटा आणि फोटो बालाजीनं व्हॉट्सअॅपवर पाठवला. फोटो कसा असेल हे मी सांगायची गरज नाही.

ठरलेल्या दिवशी मी, मनकर्णा आणि बालाजी जीपनं साखऱ्याच्या फाट्यावर उतरलो. बालाजीचे वडील नेहमीप्रमाणं, तुम्ही ठरवा मी आहेच, असं सांगून शेतात गेले होते. फाट्यावर व्यंकटराव मोबाइल हातात धरून उभे होते. ते मोबाइलमध्ये बघत, मग उतरणाऱ्या माणसांकडं बघत. आमच्याकडंही बघितलं, आणि आम्हाला सोडून गुरांच्या औषधांच्या कंपनीच्या एका गोऱ्यापान माणसाचा हात धरून त्याला "या पाव्हणं" म्हणाले. तो बिचारा लाळ्या-खुरकताच्या डॉक्टरकडं निघाला होता. मी पुढं होऊन ओळख करून दिली. व्यंकटरावांनी फोटो बघितला, बालाजी बघितला, पुन्हा फोटो बघितला. जन्मभर मी ज्या नजरेनं पास तपासले तीच ती नजर होती, आणि आज आमच्याच पोरावर आली होती.

पोहे झाले. व्यंकटराव म्हणाले, "तर मग प्रोफेशनल म्हंजे कसं?"

मी तोंड उघडायच्या आत बालाजीनं पेज उघडून त्यांच्या हातात दिलं. व्यंकटरावांनी चष्मा लावून मनापासून बघितलं. लाल गाऊन, लाल गाऊन, लाल गाऊन. शेवटी त्यांनी विचारलं, "ह्या समद्या पोरी एकाच घरच्या व्हय?"

"न्हाई, काका. ही हिंगोलीची, ही औंढ्याची. अन् ही तर तुमची पुनम हाय."

व्यंकटरावांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "आमची पुनम?" एवढंच म्हणाले आणि मोबाइल परत दिला.

तेवढ्यात प्रियंका बाहेर आली. खाली मान वगैरे काही नाही. सावळी, उंच, आणि हनुवटीवर एक चांगली बोटभर जुनी खूण. लहानपणी बैलगाडीवरून पडली होती, हे तिनं स्वतःच सांगितलं. मग बालाजीला म्हणाली, "पुनमच्या लग्नाचे फोटो मी पेजवर बघितले. त्यात मी बी हाव. पण मला मीच लवकर सापडले न्हाई. शेवटाला बांगड्यावरून ओळखलं."

बालाजी हसला. त्याला ती तारीफ वाटली असावी.

"तुमी कॅमेरा आणलाय ना?" ती म्हणाली. "मंग माझा एक फोटो काढा. जशी हाव तशी. बाकी मला काही विचारायचं न्हाई."

होय, हा शहाणा मुलगी बघायला कॅमेरा घेऊन आला होता. वाटेत मी त्यावरून त्याला शिव्या घातल्या होत्या, त्या मनातल्या मनात परत घेतल्या. अंगणात तुराट्यांचा ढीग रचलेला होता, त्याच्या कडेला ती उभी राहिली. बालाजीनं या वेळी भैया-भाभी काही केलं नाही. ना लेफ्ट, ना स्माइल. थोडा वेळ नुसताच उभा राहिला, तेव्हा ती कंटाळून म्हणाली, "काढताव का जाऊ?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. त्यानं तेवढ्यात बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तो फोटो मी बघितला. मी काही जाणकार नाही, पण सांगतो, इतका चांगला फोटो मी दुसरा पाहिलेला नाही. ती समोर उभी होती तीच आत होती. ऊन गालावर, खूण हनुवटीवर, हसू जिथल्या तिथं. व्यंकटराव वाकून बघत राहिले आणि त्यांचा चेहराच सैल झाला. "ही बराबर आमची प्रियंका," ते म्हणाले. आतून तिची आई आली, तिनंही बघितलं, आणि पदर डोळ्यांना लावला. मनकर्णानं पिशवीतला नारळ चाचपला. मला वाटलं, झालं. पोरानं कमावलं. खोटं कशाला सांगू, अभिमानानं ऊर भरून आला होता.

"माझ्या मोबाइलवर पाठवा," प्रियंका म्हणाली.

बालाजीनं तो आधी आपल्या मोबाइलवर घेतला. व्यंकटराव मला औंढ्याच्या नागनाथापुढं कुठल्या तिथीला सुपारी फोडायची ते विचारत होते, चहा येत होता. बालाजीचा अंगठा काचेवर फिरत होता, आणि डोळे प्रियंकाकडं होते. त्यानं खाली बघितलंसुद्धा नाही. रोजच्या मळलेल्या वाटेनं बैल आपोआप घरी जातो तसा तो अंगठा गेला. स्किन टाकली, खूण काढली, कोपऱ्यात 'बालाजी मोमेंट्स ऑफिशियल' लिहिलं, मागं गाणं लावलं, लाल बदाम टाकला आणि पेजवर सोडून दिलं. मग तोच तिला पाठवला.

प्रियंकाचा मोबाइल वाजला. तिनं बघितलं. मग तिनं हनुवटीला हात लावला, खूण जागेवर आहे की नाही ते बघितल्यासारखा.

"मी म्हणले व्हते, जशी हाव तशी," ती म्हणाली.

बालाजीनं स्वतःच्या मोबाइलकडं पाहिलं आणि त्याचा रंग उडाला. "ते... सवयीनं झालं," तो म्हणाला. "आईशप्पथ, म्या मुद्दाम न्हाई केलं. आत्ता काढून टाकतो. वरिजनल कॅमेऱ्यात हाय, तो देतो."

"मुद्दाम केलं असतं तर भांडले असते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट तिलाच वाईट वाटत होतं. "सवयीला काय करू? मला रोज घरात कोणी पुसून राहिलं तर मी कुठं जाऊ?"

मग ती आत गेली. व्यंकटरावांनी चहा घ्यायचा आग्रह केला, आम्ही घेतला. नारळ पिशवीतच राहिला.

परतीच्या जीपमध्ये बालाजीचा मोबाइल सारखा वाजत होता. पेजवर त्या फोटोला कधी नव्हे इतके लाइक येत होते. "वहिनी मस्त", "अभिनंदन भाऊ", "जोडी नंबर वन". जिनं नुकतंच नाही म्हटलं तिच्याबद्दल अख्खा तालुका त्याला शुभेच्छा देत होता. कळमनुरीपर्यंतच्या मित्रांनी विचारलं, जेवण कधी? त्यानं फोटो काढून टाकला, मोबाइल बंद केला आणि आईच्या खांद्याला टेकून लहान लेकरासारखा रडला. मनकर्णा त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

त्यानं सुधारायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पुढच्याच लग्नात स्किन न टाकता फोटो दिले. नवरीची आई दुकानात येऊन किंचाळली, "पैसे घेऊन माझी पोरगी काळी केली!" अल्बम तिनं दुसऱ्याकडून करून घेतला, आणि तो दुसराही प्रोफेशनलच होता. बालाजी मुकाट्यानं पुन्हा त्या स्किनच्या गिरणीवर बसला.

पुढं बरेच महिने गेले. एकदा सेनगावच्या बसस्टँडवर व्यंकटराव भेटले. जरा संकोचले, मग जवळ येऊन म्हणाले, "पाव्हणं, प्रियंकाचं जमलं. परभणीचं पोरगं हाय, शाळेत मास्तर." मी म्हटलं, चांगलं झालं. खरंच चांगलं झालं होतं.

"अन् एक सांगतो, राग मानू नका," ते म्हणाले. "तुमच्या बालाजीनं तो अंगणातला फोटो तिला मागून पाठवला व्हता. वरिजनल. तोच आमी दिला पोराकडच्यायला. बघायला आले अन् फोटोतलीच पोरगी समोर पाहून लई खूश झाले. पोराचा बाप म्हणे, फोटो कोणी काढला हो? प्रोफेशनल माणूस दिसतो."

मी तसाच बालाजीच्या दुकानात गेलो आणि शब्दन् शब्द सांगितलं. तो संगणकावर कोणाच्या तरी नवरीला पांढरं करत बसला होता. त्याचा हात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कोणीतरी, त्याला न विचारता, त्याला प्रोफेशनल म्हटलं होतं.

"मंग माझं नाव सांगितलं का त्यायनी?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "न्हाई. नाकारलेल्या पोराचं नाव तिथं घ्यायला व्यंकटरावायला बरं वाटंना. अन् फोटोवर काही लिव्हलेलं नव्हतं म्हणे."

"व्हय," बालाजी म्हणाला. "त्याच्यावर म्या काहीच टाकलं नव्हतं."

मग त्यानं नवरीच्या गालावरचा तीळ थोडा वेळ बघितला आणि पुसून टाकला.