लावलेलं रोप

“मावशी, उपटा सगळं. दुसरी बस आली.”

मॅनेजर बांधावर उभा होता, पायात पांढरे बूट. मी आणि माझी सून चिखलात. सकाळपासून लावलेली भाताची रोपं आमच्याच हातानं उपटायची आणि नव्या पाहुण्यांपुढे पुन्हा लावून दाखवायची, असा त्याचा हुकूम.

कार्ल्यातल्या या हॉटेलामागचं खाचर आधी माझ्या दिराचं. त्यानं विकलं. आता तिथं टँकरचं पाणी भरून शहरातल्या लोकांना आवणी, म्हणजे भातलावणी, दाखवतात. बांधापलीकडचं खाचर माझं. कोरडं.

यंदा वैशाखातच पाऊस कोसळला. रोपांसाठी भाजून ठेवलेला राबाचा वाफा धुऊन गेला. दुसऱ्यांदा पेरलं. रोप वीतभर झालं आणि ऐन आषाढात पाऊस पळाला. मुलगा आंबी गावच्या कंपनीत शिफ्टला. विहिरीवरून हंडे आणून रोपांवर ओतायचो ते मी आणि सून. माझी कंबर गेली. तिची जायच्या वाटेवर आहे.

म्हणून मॅनेजरला म्हटलं होतं, मजुरी नको, टँकरचं उरलेलं पाणी माझ्या रोपांना सोडा. “सोडू की,” म्हणाला.

सकाळी सुनेला हॉटेलची हिरवी नऊवारी नेसवली. घरी ती गाऊनवर असते.

“आत्याबाई, ह्ये सुटलं तर वं?”

“सुटलं तर लय फोटू काढतील.”

मला पाय धुऊ दिले नाहीत. “चिखल राहू द्या मावशी, फोटोत छान दिसतो.” तेही गिळलं. पाण्यासाठी.

पण लावलेलं रोप उपटायचं नाही. लहानपणी खेळताना मी एक उपटलं, तर आईनं चिखलाच्या हातानं थोबाडीत दिली होती.

“न्हाई उपटणार,” मी म्हटलं.

“अहो, ही खोटी आवणी. हा भात कुणाला खायचाय?”

“मला खायाचाय.”

पाहुणे हसले. एकीनं मोबाईल माझ्या तोंडापुढे धरला. सून उपटायला वाकली. मी तिचं मनगट धरलं.

“आत्याबाई, पाणी जाईल.”

“जाऊ दे. वर हो.”

आम्ही बांधावर आलो. मॅनेजरनं पाहुण्यांनाच उपटायला सांगितलं. त्यांना मजा वाटली. ओरडत ओरडत उपटलं, एकमेकांना फेकून मारलं.

संध्याकाळी टँकरचं उरलेलं पाणी हॉटेलच्या लॉनवर सोडलं. आम्ही पलीकडून बघत होतो.

माझी रोपं पिवळी पडली, मग वाळली. ती मी बैलांपुढे टाकली. यंदा घरात आमचा तांदूळ नाही. रेशनचा शिजवतो.

पुढच्या वर्षी पाऊस कधी येईल, कुणालाच ठाऊक नाही. मी वरच्या माळावर नाचणी टाकीन. खाचर विकणार नाही. हॉटेलाच्या चिखलात पाय घालणार नाही. सून म्हणते, “मीबी न्हाई.”

‘उपटा’ असं मला म्हटलं होतं. त्या चिखलात मी उभी होते. शेजारी माझी सून होती. आम्ही उपटलं नाही.