न चाखलेला पाव

माझी मावशी दर शनिवारी दुपारी एक पाव भाजायची आणि तो पाव तिने कधीच चाखला नव्हता.

तिची बेकरी आमच्या घरापासून दोन वळणांवर होती. पुढे काउंटर, मागे भट्टी आणि मधल्या अरुंद खोलीत पीठ मळायचं लाकडी टेबल. आजोबांच्या काळापासून मनगटं घासून घासून त्या टेबलाच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. शनिवारचा हा पाव मात्र त्या टेबलावर मळला जात नसे. त्याला वेगळी परात, वेगळं फडकं. दुसऱ्या दिवशी उपासनेत पाळक तो मोडून साऱ्या मंडळीला वाटत. चर्चमध्ये त्याला प्रभूची भाकर म्हणत, बेकरीत त्याचं नाव 'रविवारचा'. "रविवारच्याला कुणी हात लावू नका," असं मावशी कामगारांवर खेकसायची. आजोबांनी शिकवलं होतं तस्संच ती सगळं करायची. पीठ इतकं, पाणी इतकं, मीठ दोन चिमटी.

रविवारी ती स्वच्छ कापडात गुंडाळून तो पाव घेऊन यायची, पुढच्या मेजावर ठेवायची आणि थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. भाकरीचं ताट फिरत फिरत तिच्यापर्यंत आलं की न बघताच शेजारच्याला द्यायची. आम्ही पोरं तिला मागून 'शेवटचा बाक' म्हणायचो. म्हणजे जिने भाजला, तीच उपाशी! मला लहानपणी हा मोठा विनोद वाटायचा.

माझी आई, म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण, पुढे बसायची. आई तो तुकडा सावकाश चावायची आणि घरी परतताना दर वेळी म्हणायची, "आजही अळणीच."

बाकीच्या मंडळीला वाटायचं, पवित्र भाकर अशीच असते. कुणी चकार शब्द काढत नसे.

"मग सांग ना मावशीला," मी म्हणायचे.

"मी नाही सांगणार. ताई स्वतः खाईल तेव्हा कळेल तिला."

सांगणार तरी कशी? दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आजोबा गेले त्या दिवसापासून.

आजोबांचं दुखणं लांबलं होतं. आई उशाशी बसायची आणि मावशी बेकरी सांभाळायची, कारण भट्टी थंड करून चालत नाही. शेवटी शेवटी त्यांना वेदनांनी झोपच येईना. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी घरी येऊन त्यांना प्रभुभोजन, म्हणजे हीच प्रभूची भाकर, द्यायचं ठरवलं. मावशीने त्यासाठी मुद्दाम पाव भाजून पाठवला. पाळक पाव घेऊन दारात आले, तेव्हा आजोबांचा नुकताच डोळा लागला होता. आईने ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "उद्या या." संध्याकाळी आजोबा झोपेतच गेले. तो पाव तसाच कापडात राहिला.

दफन झाल्यावर चर्चच्या पायरीवर, सगळ्यांदेखत, मावशी आईला म्हणाली, "तू बाबांना उपाशी पाठवलंस."

आई घरी आली, आणि मला आठवतंय, तिने त्या दिवशी भांडी फार वेळ घासली.

आता गंमत अशी की मावशी नुसती रुसून बसणाऱ्यातली नव्हती. ती शास्त्र वाचायची, आणि जे वाचायची ते अक्षरशः पाळायची. मनात राग धरून प्रभूच्या मेजाशी येणारा स्वतःवरच न्याय ओढवून घेतो, हे तिने वाचलं होतं. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी समेट करायला जा, हेही. म्हणून ती ताट पुढे सरकवायची. जुने पाळक गेले, नवे आले. उंच, तरुण, बोलायला गोड. त्यांनी तिची समजूत घालायचा विडाच उचलला. मी एकदा पाव आणायला गेले होते, तेव्हा काउंटरला टेकून ते तिला सांगत होते.

"प्रभूच्या त्या पहिल्या भोजनाला कोण बसले होते आठवा. एक प्रभूला धरून देणारा, एक ओळख नाकारणारा. सगळ्यांना भाकर मिळाली."

"आणि त्या धरून देणाऱ्याचं पुढे काय झालं?" मावशीने विचारलं.

पाळक हसले. "बरं, मग बहिणीला क्षमा करून टाका."

"टाका म्हणे. मनात नसताना तोंडाने म्हणू? ते त्याला कळणार नाही का?"

"तुमच्या आत्म्याच्या तारणाचा प्रश्न आहे, बाई."

"मला माहीत आहे कशाचा प्रश्न आहे ते," मावशी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पण मी खोटं खाणार नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की हा तोरा नव्हता. तिला खरोखर वाटत होतं की आपण दाराबाहेर आहोत आणि दार आपणच लावून घेतलंय. ती घाबरलेली होती. पण खोटं बोलून आत शिरणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं. त्याहूनही मोठी भीती आजोबांची. ते शेवटची भाकर न घेता गेले, मग त्यांचं काय झालं असेल? हा काटा रात्रंदिवस तिच्या पोटात होता, आणि तो काटा आईने टोचला असं तिने धरून ठेवलं होतं.

पाळक गेल्यावर मी तिला डिवचलं. "मावशी, प्रभूच्या शेजारी क्रुसावर जो चोर होता, त्याला कुणी पाव दिला होता ग? त्याला तर तिथल्या तिथे सांगितलं, आज तू माझ्याबरोबर स्वर्गात असशील म्हणून."

"त्याने तोंडाने मागितलं होतं. बाबांना तुझ्या आईने मागू तरी दिलं का?"

माझं डोकं फिरलं. टेबलावर कणकेचे गोळे फडक्याखाली फुगायला ठेवले होते. त्यांच्याजवळ कुणी जोरात दार आपटलं तरी मावशी अंगावर धावून यायची. "या पिठाला तू झोपू देतेस," मी म्हणाले, "आणि वेदनेने तळमळणारा माणूस जरा झोपला, तर त्याला उठवायला हवं होतं?"

मावशीने माझे पाव बांधून दिले आणि आत गेली. मी बरेच दिवस पाव दुसरीकडून आणले.

मग आईचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग मी. मी औषधांच्या दुकानात काम करायचे. दुपारी जेवायला घरी यायचे तेव्हा आई दारातच उभी असायची. कुणीही आलं, दूधवाला, शेजारीण, मी, की ओठांवर बोट ठेवायची. "हळू. बाबांचा आत्ताच डोळा लागलाय. उद्या या." सगळं सगळं विसरली होती बाई, पण तेवढी एक दुपार तिला सोडत नव्हती. इतकी वर्षं ती एक शब्द बोलली नव्हती आणि मला वाटायचं, तिने ते मनावर घेतलंच नाही. मला माझ्याच आईची एवढीही ओळख नव्हती.

मी बेकरीत गेले. मावशीला म्हटलं, "आईचं काही खरं नाही. भेटायचं असेल तर ये."

"तिला यायला काय झालं?"

"तिला रस्ता आठवत नाही ग आता."

मावशीचे हात थांबले. "मी आठवते?"

"माहीत नाही," मी म्हणाले. आई दारात काय म्हणते ते मी मुद्दामच सांगितलं नाही. कशी सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. अंगावर पिठाचा एप्रन तसाच, काखेत कापडात गुंडाळलेला गरम पाव. काहीतरी पाठ करून आली होती, ओठ हलत होते. मी आत होते. मी पुढे व्हायच्या आत आई दारात पोचली.

"हळू," आई कुजबुजली. "बाबांचा आत्ताच डोळा लागलाय. किती दिवस तळमळत होते हो, पाळक. भाकर आणलीत ना? उद्या द्या. आत्ता झोपू दे त्यांना, मी हात जोडते."

आणि तिने खरंच हात जोडले.

मग आई आणखी जवळ सरकून म्हणाली, "ताई रागावेल माझ्यावर. तिने स्वतः भाजलाय ना. पण तिने बाबांना असं झोपलेलं बघितलं असतं, तर तिनेही उठवलं नसतं. तिला कळेल."

मावशीचा चेहरा बघून मला वाटलं, आता ही चर्चच्या पायरीवरचं तेच वाक्य बोलणार, आणि बोलली तर मी तिला पायऱ्यांवरून ढकलून देईन. तिने काखेतला पाव छातीशी धरला.

"झोपू दे त्यांना," ती म्हणाली. "मी उद्या येते. आणि ताईचं काही मनात आणू नकोस. ताई रागावणार नाही."

"नक्की?"

"नक्की. मी ओळखते तिला."

आईने समाधानाने दार लावून घेतलं. मी मागच्या दाराने धावत गेले, तर मावशी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून एप्रनमध्ये तोंड खुपसून रडत होती. "मीही नसतं ग उठवलं," ती म्हणत होती. "मीही नसतं उठवलं." माझा इतक्या वर्षांचा राग कुठच्या कुठे गेला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर पांढरं पीठ उडालं.

त्यानंतर ती रोज यायची. रोज आई तिला दारात अडवायची, रोज ती म्हणायची, "झोपू दे त्यांना." ताई म्हणून ती त्या घरात आईला पुन्हा कधीच भेटली नाही. ज्या क्षमेसाठी ती आली होती, ती मागायला समोर माणूसच शिल्लक नव्हतं. रविवारी ताट आलं की ती अजूनही पुढे सरकवायची. "तिला कळलंच नाही मी कोण ते," मला म्हणाली. "मग हा समेट धरायचा का?"

आई अंथरुणाला खिळली तेव्हा दारावर पहारा द्यायला कुणी उरलं नाही. मावशीने कामगारांवर भट्टी सोपवली आणि आईच्या उशाशी येऊन बसली. आई रात्रंदिवस कण्हायची. एका दुपारी मी दुकानातून आले, तर मागोमाग पाळक, हातात छोटा डबा. आईला प्रभुभोजन द्यायला आले होते. मावशी दारात आली. आत आई झोपली होती, कितीतरी दिवसांनी शांत, तोंड थोडं उघडं.

मी मावशीकडे बघितलं. पाळकांनीही बघितलं. मंडळीत ती गोष्ट माहीत नाही असं कुणी नव्हतं.

मावशीने ओठांवर बोट ठेवलं. "तिचा आत्ताच डोळा लागलाय," ती म्हणाली. "उद्या या."

"बाई, उद्यापर्यंत..."

"माहीत आहे मला."

पाळकांनी डबा खिशात घातला, दारातच डोळे मिटून प्रार्थना केली आणि पाय न वाजवता खाली उतरले.

आई संध्याकाळी गेली. जागी झालीच नाही. मावशीने तिचे डोळे पुसले, केस विंचरले. मी हुंदके देत विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"खूप वाटली. अजून वाटतेय." तिने आईचा हात स्वतःच्या गालाला लावला. "पण ही लेकराला झोपवावं तसं बाबांना सांभाळत होती. ज्याने हिला असं मन दिलं, तो हिला दारात अडवून विचारेल, पाव खाल्लास का म्हणून? तसा असता तर मी त्याच्यासाठी इतकी वर्षं भट्टीपुढे कशाला भाजून निघाले असते?"

दफनानंतरच्या रविवारी मी पुढे बसले नाही. मागे तिच्या शेजारी जाऊन बसले. ताट फिरत आलं. मावशीने ते धरलं आणि बराच वेळ नुसतं धरून ठेवलं. शेजारचे पुढे बघत राहिले, कुणी घाई केली नाही. मग तिने एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

चावता चावता ती थांबली. माझ्याकडे वाकली.

"अगं, हा अळणी आहे."

प्रार्थना चालू होती. पुढचा बाक वळून बघायला लागला.

"हो," मी हळूच म्हणाले.

"कधीपासून?"

"कायमच."

मावशीने आपला अंगठा आणि बोट एकमेकांना लावून त्यांच्याकडे बघितलं. "बाबांची बोटं जाड होती," ती स्वतःशीच म्हणाली. "त्यांची चिमूट मोठी." मग एकदम माझ्याकडे वळली. "इतकी वर्षं कुणी बोललं नाही?"

"आई बोलायची. दर रविवारी, घरी जाताना."

"मग मला का नाही सांगितलं तिने?"

खोटं सांगावंसं वाटलं. पण तिच्यासमोर खोटं चालत नसे.

"म्हणायची, ताई स्वतः खाईल तेव्हा कळेल तिला."

मावशी तो घास तोंडात धरून तशीच बसली. डोळ्यांतून पाणी ओघळून ओठांवर येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "वाट बघत होती ग ती," एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी मीठ बरोबर पडलं होतं. बऱ्याच जणांनी बाहेर आल्यावर मावशीला तसं सांगितलंही. मी एकटीच घरी निघाले, आणि वाटेत 'आजही अळणीच' म्हणायला कुणी नव्हतं.